साताऱ्यातून विचारलेले प्रश्न: बदलतं जग आणि देशादेशांमधला कायदा

साताऱ्यात आम्ही काहीजण दर रविवारी सकाळी जमतो. स्पर्धा परीक्षेची पोरं-पोरी असतात, दोन-तीन वकील, निवृत्त फौजी आणि तासगाव-पलूसकडून मुद्दाम येणारे एक-दोन बागायतदार. विषय आंतरराष्ट्रीय कायदा. मी तो बरीच वर्षं शिकवते आहे, पण इथले प्रश्न वर्गातल्यापेक्षा अवघड असतात, कारण विचारणाऱ्याचं त्यात काहीतरी अडकलेलं असतं. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदा लिहून ठेवते.

पोलीस नाहीत, तुरुंग नाही. मग याला कायदा कशाला म्हणायचं?

नवा आलेला जवळजवळ प्रत्येकजण पहिल्याच दिवशी हे विचारतो. साताऱ्याच्या पोस्टात टाकलेलं पत्र दुबईत पोचतं ते १८७४ पासून चालत आलेल्या जागतिक टपाल संघटनेच्या नियमांवर. मुंबईहून सुटलेलं विमान कितीतरी देशांवरून उडत जातं ते १९४४ च्या शिकागो कराराच्या आधारावर. हे नियम रोज पाळले जातात, म्हणून त्यांची बातमी होत नाही. मोडले की होते.

आता दोन निकाल शेजारी ठेवून बघा. बंगालच्या उपसागरातल्या हद्दीवरून भारत आणि बांगलादेश लवादापुढे गेले, आणि २०१४ मध्ये निकाल लागला. वादातल्या सुमारे २५,६०२ चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ बांगलादेशाला मिळाले. आपण मोठे, आपलं नौदल मोठं, तरी भारताने निकाल मान्य केला. २०१६ मध्ये दक्षिण चीन समुद्राबाबत फिलिपिन्सच्या बाजूने निकाल लागला, तो चीनने धुडकावला. समुद्राचा कायदा दोन्हीकडे एकच. बांगलादेशाच्या निकालानंतर पुढच्याच वर्षी आपण त्यांच्याशी जमिनीवरची सरहद्दही मिटवली आणि दोन्हीकडच्या दीडशेहून अधिक अडकलेल्या वस्त्यांमधल्या माणसांना हक्काचा देश मिळाला. मोठ्या देशाने छोट्यापुढे निकाल मानला की शेजाऱ्याचा भरवसा वाढतो. आपण तसं वागलो याचा मला अभिमान वाटतो.

मग बलाढ्य देश वाटेल ते करून सुटतात, हे खोटं आहे का?

खरं आहे. सुरक्षा परिषदेत १५ सदस्य, त्यातले पाच कायमचे, आणि त्या पाचांपैकी एकानेही नकाराधिकार वापरला की ठराव बारगळतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवरच्या हल्ल्याचा निषेध करणारा ठराव रशियाने, म्हणजे आरोपीनेच, अडवला. गाझातल्या युद्धबंदीचे ठराव अमेरिकेने एकदा नव्हे, अनेकदा अडवले. १९८६ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने अमेरिकेविरुद्ध निकाराग्वाच्या बाजूने निकाल दिला, आणि त्याच्या अंमलबजावणीचा ठरावही अमेरिकेच्या नकाराधिकारानेच पडला. संयुक्त राष्ट्रांची १९४५ ची सनद युद्ध जिंकणाऱ्यांनी लिहिली, तेव्हा स्वतःसाठी ही पळवाट त्यांनी तिथेच ठेवून घेतली.

आपल्या साताऱ्याचा याच्याशी काय संबंध?

या प्रश्नाची मी वाटच बघत असते.

२५ सप्टेंबर १८१९. पेशवाई बुडाली होती, आणि ईस्ट इंडिया कंपनीने छत्रपती प्रतापसिंह महाराजांशी तह केला. राज्य महाराजांना, त्यांच्या वारसांना आणि उत्तराधिकाऱ्यांना कायमचं दिलं, असं त्यात लिहिलेलं. त्याच तहात दुसरं कलम होतं: इतर कुठल्याही सत्तेशी महाराजांनी संबंध ठेवायचे नाहीत. वर्गात आम्ही ही दोन कलमं लागोपाठ वाचतो. पहिल्यातला ‘कायमचं’ आणि दुसऱ्यातला ‘कुठल्याही’ हे दोन शब्द फळ्यावर समोरासमोर लिहिले की पोरं गप्प होतात. पुढे काय घडलं ते त्या दोन शब्दांतच दिसतं.

जहागिरींच्या हक्कावरून वाद वाढला. महाराजांनी गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचा ठपका आला, म्हणजे दुसऱ्या कलमाचाच भंग. १८३९ मध्ये मुंबईचे गव्हर्नर स्वतः साताऱ्यात आले आणि कबुलीवर सही करा, गादी राहील, असं सुचवलं. महाराजांनी सही केली नाही. त्यांना पदच्युत करून काशीला धाडलं आणि तिथेच १८४७ मध्ये ते वारले. धाकटे बंधू शहाजी गादीवर आले, तेही १८४८ मध्ये गेले, मरणापूर्वी दत्तक घेऊन. डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केलं. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांनी त्याला विरोध केला होता. त्यांचा मुद्दा निव्वळ कायद्याचा होता: तहात ‘उत्तराधिकारी’ लिहिलंय, आणि हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे दत्तक पुत्र उत्तराधिकारीच.

महाराजांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले. चौदा वर्षांच्या आसपास ते तिथे राहिले. कंपनीच्या भागधारकांच्या सभेत बोलले, पत्रकं छापली, खासदारांचे उंबरे झिजवले. त्यांची दाद घ्यायला कोण बसलं होतं? ज्या कंपनीने तह मोडला तिचेच मालक आणि तिच्याच देशाची संसद. दोघांच्या वर बसणारं न्यायालय जगात कुठेही नव्हतं. रंगो बापूजी रिकाम्या हाताने परतले. १८५७ मध्ये त्यांच्या मुलाला फाशी झाली आणि ते स्वतः परागंदा झाले ते कायमचेच. साताऱ्यातल्या ‘चार भिंती’ या ठिकाणी फिरायला जाणाऱ्यांनी तिथलं स्मारक एकदा या नजरेनं वाचावं.

कुलभूषण जाधव यांच्या खटल्यात नेमकं काय मिळालं?

रंगो बापूजींना जे मिळालं नाही, ते मिळालं: तिसऱ्यापुढे उभं राहायची जागा. जाधव म्हणजे हेरगिरीच्या आरोपाखाली पाकिस्तानने पकडलेले आपले माजी नौदल अधिकारी. त्यांचं मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं, त्यामुळे इथे हा प्रश्न विचारताना आवाज हळू होतो.

मार्च २०१६ च्या सुरुवातीला त्यांना अटक झाल्याचं पाकिस्तान सांगतं, भारताला कळवलं २५ मार्चला. एप्रिल २०१७ मध्ये लष्करी न्यायालयाने फाशी सुनावली. भारताने वारंवार मागूनही आपल्या अधिकाऱ्यांना भेटू दिलं नव्हतं. ८ मे २०१७ ला भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि दहा दिवसांत न्यायालयाने फाशी थांबवली. १७ जुलै २०१९ चा अंतिम निकाल १५ विरुद्ध १ असा लागला. त्या पंधरांत चीनच्या न्यायाधीशही होत्या. विरोधातलं एकमेव मत पाकिस्तानने त्या खटल्यापुरते नेमलेल्या न्यायाधीशांचं.

आता काय मिळालं नाही, तेही नीट समजून घ्या, कारण समाजमाध्यमांवर याची फार गल्लत होते. भारताने शिक्षा रद्द करून सुटका मागितली होती, ती न्यायालयाने दिली नाही. वाणिज्यदूतांच्या भेटीबद्दलच्या १९६३ च्या व्हिएन्ना कराराचं ३६ वं कलम पाकिस्तानने मोडलं, आता भेट द्या आणि शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा, इतकाच आदेश. सप्टेंबर २०१९ मध्ये भेट झाली, ती विनाअडथळा नव्हती अशी भारताची तक्रार राहिली. फेरविचारासाठी पाकिस्तानला स्वतंत्र कायदा करावा लागला. सुटका झालेली नाही. ज्या घरातलं माणूस तिथे आहे त्या घराला ‘आपण जिंकलो’ हे ऐकून काय वाटत असेल, याचा विचार करून बोलावं असं मला वाटतं. पण फाशीचा दोर थांबला तो याच कागदामुळे.

मग पाकिस्तानला प्रत्येक बाबतीत हेगला का खेचत नाही?

कारण त्या न्यायालयाचं दार दोघांच्या संमतीनेच उघडतं. राष्ट्रकुलातल्या देशांशी (पाकिस्तानही त्यात आला) असलेले वाद या न्यायालयात न नेण्याची अट भारताने स्वतःच घालून ठेवली आहे. १९९९ मध्ये आपण पाकिस्तानचं विमान पाडलं तेव्हा पाकिस्तान हेगला गेला होता. आपण या अटीकडे बोट दाखवलं आणि २००० मध्ये न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. जाधवांच्या वेळी दार वेगळं होतं: १९६३ च्या कराराला एक ऐच्छिक पूरक करार जोडलेला आहे, या करारावरचे वाद हेगला नेता येतील असं सांगणारा, आणि तो दोन्ही देशांनी मान्य केलेला होता. म्हणून न्यायालयाला तेवढ्या एका करारापलीकडे बघता आलं नाही.

हेगमध्ये कोर्टं किती? पुतिनवर वॉरंट काढलं ते हेच का?

ते वेगळं. जाधवांचा खटला चालला तिथे देश विरुद्ध देश. वॉरंट काढणारं ते आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय, ते व्यक्तींवर खटले चालवतं आणि २००२ पासून आहे. भारत, अमेरिका, चीन, रशिया यांपैकी कुणीही त्याचं सदस्य नाही. पुतिनवर वॉरंट मार्च २०२३ मध्ये निघालं, नेतान्याहूंवर नोव्हेंबर २०२४ मध्ये.

आमच्या उसाच्या एफआरपीचा (सरकारने ठरवलेल्या किमान दराचा) खटला जिनिव्हात कसा गेला?

हा प्रश्न वाळव्याच्या एका ऊस उत्पादकाने विचारला तेव्हा अख्खा वर्ग चमकला होता. खटला खरा आहे. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी २०१९ मध्ये जिनिव्हातल्या जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली: भारत साखरेला मर्यादेबाहेर मदत देतो आणि निर्यातीला अनुदान देतो. डिसेंबर २०२१ मध्ये तज्ज्ञ समितीचा निकाल आपल्या विरोधात गेला.

आपलं म्हणणं साधं होतं. एफआरपी ठरवतं सरकार, पण पैसे मोजतो कारखाना. सरकारच्या तिजोरीतून जात नाही ती मदत कशी? समितीने ते मानलं नाही. दर सरकारने बांधून दिला, तेवढं पुरे. मदत उत्पादनाच्या किमतीच्या १० टक्क्यांच्या आत हवी आणि ती मोजायची १९८६ ते ८८ च्या बाजारभावाशी आजचा दर ताडून. पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा भाव! खताचं पोतं, डिझेल, तोडणी-वाहतूक यांतलं तेव्हाच्या भावात आज काय मिळतं? हे सूत्र अन्याय्य आहे आणि ते बदलावं ही भारताची मागणी मला पूर्ण रास्त वाटते.

निकालानंतरही काहीच का घडलं नाही, तर आपण अपील केलं आणि ते ऐकायला कुणी नाही. अपील मंडळाच्या सात खुर्च्यांवर नव्या नेमणुका अमेरिकेने अडवल्या आणि डिसेंबर २०१९ मध्ये मंडळच बंद पडलं. तेव्हापासून हरलेला देश अपील करतो आणि प्रकरण हवेत लटकतं. साखरेपुरतं ते आज आपल्या सोयीचं आहे. पण उद्या आपण तक्रार घेऊन गेलो आणि जिंकलो, तर समोरचाही हेच करेल. म्हणून मंडळ सुरू व्हावं असं मी म्हणते, ऊस पट्ट्यात बसून म्हणते, आणि त्यावर वर्गात दर वेळी वाद होतो.

युरोप द्राक्षांचे कंटेनर नाकारतो, हा अन्याय नाही का?

नेहमी नाही. माणसाच्या आरोग्यासाठी प्रत्येक देश रेसिड्यूची, म्हणजे फळात उरलेल्या औषधाच्या अंशाची, मर्यादा ठरवू शकतो. अट एवढीच की तिला शास्त्रीय आधार हवा, आणि आपल्या शेतकऱ्याला एक नियम नि परक्याला दुसरा असं चालत नाही. २०१० मध्ये लिहोसिनचे, म्हणजे वेलीची वाढ रोखायला वापरतात त्या औषधाचे, अंश सापडले म्हणून आपला माल अडकला, तेव्हा तासगाव भागातल्या कितीतरी बागायतदारांचं ते वर्ष गेलं. लिहोसिन वर्षानुवर्षं वापरात होतं आणि त्याची तपासणी आपल्याकडे होतच नव्हती. नियम तिकडे होता, माहिती इकडे पोचली नाही. त्याची किंमत मोजली ती ज्याने कर्ज काढून छाटणी केली त्याने. पुढे ते तपासणीच्या यादीत आलं.

एक गोष्ट लक्षात ठेवा: सुपरमार्केटवाल्यांच्या स्वतःच्या अटी सरकारी मर्यादेपेक्षा कडक असतात. तो कायदा नव्हे, ग्राहकाची अट आहे. तिच्याविरुद्ध जिनिव्हाला जाता येत नाही.

अमेरिकेने ५० टक्के टॅरिफ लावला तो कायदेशीर होता का?

ऑगस्ट २०२५ मध्ये आधी २५ टक्के आणि रशियाच्या तेलाचं कारण देऊन वर आणखी २५ लागले. व्यापार संघटनेचा पाया असा की सवलत सगळ्यांना सारखी आणि कबूल केलेल्या कमाल दरापेक्षा जास्त कर लावायचा नाही. माझ्या वाचनाप्रमाणे हे दोन्ही मोडलं. ‘राष्ट्रीय सुरक्षा’ ही ढाल तिथे वापरता येते, पण दुसऱ्या देशाने तेल कुणाकडून घ्यावं इथपर्यंत ती ताणली तर ढालीला अर्थ उरत नाही. दाद मागायची तर वर सांगितलेलं बंद मंडळ आडवं येतं, म्हणून बहुतेक देश वाटाघाटींनाच बसले.

सिंधू करार थांबवता येतो का? आणि कृष्णेचा तंटा तसाच का नाही?

सांगलीकर पाण्यावर बोलू लागले की वेळेचं भान राहत नाही. आयर्विन पुलाची ४० फुटांची इशारा पातळी, ४५ ची धोका पातळी आणि २०१९ मध्ये ५७ च्याही वर चढलेलं पाणी ज्यांनी पाहिलं, त्यांना वरचं धरण म्हणजे काय नि खालचं धरण म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही.

कृष्णेचा वाद राज्याराज्यांतला आहे. घटनेचं २६२ वं कलम, १९५६ चा कायदा, लवाद, आणि सगळ्यांच्या वर एक केंद्र सरकार. बच्छावत लवादाने महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्रला ८०० टीएमसी दिलं. अलमट्टीच्या उंचीवर आपण कितीही भांडलो तरी एका छपराखाली भांडतो.

सिंधूवर छप्पर नाही, १९६० चा करार आहे. एका बाजूने सोडून जाण्याचं कलम त्यात नाही. दोघांनी मिळून नवा करार करेपर्यंत तो चालू, असं लिहिलंय. पहलगामच्या हत्याकांडानंतर, २३ एप्रिल २०२५ ला, भारताने तो स्थगित ठेवल्याचं जाहीर केलं. आधार दोन मुद्द्यांचा: सीमेपलीकडचा दहशतवाद आणि बदललेली परिस्थिती. जूनमध्ये, या करारावरच्या वादासाठी पाकिस्तानच्या मागणीवरून नेमलेल्या लवाद न्यायालयाने आपला अधिकार स्थगितीमुळे जात नाही असं म्हटलं. ते न्यायालयच भारत मानत नाही. माझं मत विचाराल तर राग शंभर टक्के खरा आहे, पण ‘बदललेली परिस्थिती’ हा युक्तिवाद जगातली न्यायालयं फार क्वचित मान्य करतात. ब्रह्मपुत्रेच्या बाबतीत आपण खालच्या अंगाला आहोत, हेही विसरून चालणार नाही.

मान्यता म्हणजे काय? तालिबानचं सरकार आहे, तरी नाही का?

१९४३ ते ४६ च्या प्रतिसरकारवरून हे चटकन कळतं. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली इथल्या गावांत न्यायदान मंडळं चालत होती, तुफान सेना होती, लोक इंग्रजांच्या कचेरीऐवजी त्यांच्याकडे तंटे नेत होते. लोक होते, मुलूख होता, कारभार होता. पण १९३३ च्या माँटेव्हिडिओ करारात राज्याची चौथी खूण आहे ती इतर देशांशी व्यवहार करण्याची क्षमता. ती नव्हती, आणि मुळात ती मागायचीही नव्हती, लढा अख्ख्या देशाचा होता.

तालिबानचा प्रश्न राज्याचा नाही, सरकारचा आहे. अफगाणिस्तान हा देश आहेच. त्याच्या वतीने बोलायचं कुणी, हे बाकीचे देश ठरवतात, आणि ते राजकारण असतं. रशियाने जुलै २०२५ मध्ये मान्यता दिली. पॅलेस्टाइनला भारताने १९८८ मध्येच मान्यता दिली होती, ब्रिटन आणि फ्रान्सने २०२५ च्या सप्टेंबरात.

युद्धातही कायदा असतो, यावर फौजी विश्वास ठेवतात का?

मला वाटतं तेच सगळ्यात जास्त ठेवतात. आमच्याकडे १९७१ च्या युद्धानंतर युद्धकैद्यांच्या छावणीवर पहारा दिलेले एक आजोबा येतात. १९४९ चे जिनिव्हा करार शिकवताना मी सांगत होते की कैद्याला महिन्याला निदान दोन पत्रं आणि चार कार्डं लिहू द्यावीच लागतात. आजोबा मागून म्हणाले, “मॅडम, ती पत्रं आम्ही पोत्यात भरायचो. त्यांच्या बायका-पोरांची नावं पाठ झाली होती.” त्यांनी दोन्ही हातांनी हवेत पोत्याचं तोंड आवळून दाखवलं. त्यानंतर मला कलम समजावून सांगायची गरज पडली नाही. भारताने तेव्हा सुमारे ९३,००० कैदी सांभाळले आणि परत पाठवले. कैद्याने फक्त नाव, हुद्दा, नंबर आणि जन्मतारीख सांगायची, हे अपशिंग्यासारख्या फौजींच्या गावातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं.

जागतिक व्यवस्था बदलतेय म्हणतात. नक्की काय बदललं?

सगळं एकदम नाही. २०१७ मध्ये हेगच्या न्यायाधीशपदासाठी भारताचे दलवीर भंडारी आणि ब्रिटनचे उमेदवार अडून बसले होते. शेवटी ब्रिटनने माघार घेतली आणि १९४६ पासून पहिल्यांदाच त्या न्यायालयात ब्रिटिश न्यायाधीश उरला नाही. २०२३ मध्ये दिल्लीत आफ्रिकी संघ जी-२० मध्ये आला. ब्रिक्स वाढला. आणि सुरक्षा परिषदेतले कायमचे पाच मात्र १९४५ चेच.

‘नवी व्यवस्था हवी’ ही मागणीही नवी नाही. १९७४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने नव्या आंतरराष्ट्रीय अर्थव्यवस्थेचा जाहीरनामा केला आणि त्याच वर्षी आपल्या कराडचे यशवंतराव परराष्ट्रमंत्री झाले. तेव्हा मागणाऱ्यांच्या हातात बाजारपेठ नव्हती, आज आहे. मला काळजी आहे ती दुसरीच. जुनं मोडताना नियमच नकोत असं म्हणणाऱ्यांची गर्दी वाढते आहे, आणि नियम नसलेल्या जगात आपली जागा काय असते ते साताऱ्याने १८३९ मध्ये पाहिलंय.

हे शिकायचं तर सुरुवात कुठून करू?

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत १११ कलमं आहेत, दोन संध्याकाळी वाचून होतात. दुसरं आणि एक्कावन्नावं कलम दोनदा वाचा. मग जाधव खटल्याचा निकाल.

वर्गाला येताना काय आणावं? फी किती?

फी नाही. वही आणा, आणि घरात असेल तर एखादा कागद: नाकारलेल्या मालाचं पत्र, जहाजावरच्या नोकरीचा करारनामा, आखातातून आलेलं कामाचं कंत्राट, आजोबांचं लष्करी पुस्तक. आम्ही तो मध्ये ठेवतो आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला लागतो.